आधी साल सांगा : सुपरहिरोंवर वाद घालण्याची रीत

ठाण्याच्या तलावपाळीवर शनिवारी संध्याकाळी आमचा सहा-सात जणांचा कट्टा जमतो. नौपाड्यातला अकरावीतला एक मुलगा, ऐरोलीहून लोकलने येणारी एक प्राध्यापिका, इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेले आणि आता बँकेतून निवृत्त झालेले एक काका, आणि बाकीचे आम्ही मधल्या वयाचे. विषय वर्षानुवर्षे तेच आहेत : कोण कोणाला हरवेल, अमक्याने तसे का केले, आणि चार अंकांपूर्वी मेलेला माणूस या अंकात चहा पीत कसा बसला आहे. सुरुवातीला आमचे वाद आवाजाच्या जोरावर सुटत, म्हणजे सुटतच नसत. हळूहळू काही रिवाज पडत गेले आणि वादाला गोडी आली. ज्यांना असा कट्टा जमवायचा आहे, किंवा जमलेला टिकवायचा आहे, त्यांच्यासाठी ते रिवाज इथे लिहून ठेवत आहे.

पहिला रिवाज काकांचा. "सुपरमॅन बॅटमॅनला एका बोटाने उडवेल," असे अकरावीतला मुलगा म्हणाला, तेव्हा काकांनी शेंगदाण्यांची पुडी मिटली आणि विचारले, "कोणत्या सालचा सुपरमॅन रे?"

प्रश्न खोचक वाटला तरी सगळी मेख त्यातच आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ साली ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात जो सुपरमॅन आणला, त्याला उडता येत नव्हते. तो उडी मारत असे, आणि ती उडी एक अष्टमांश मैलाची, म्हणजे सुमारे २०० मीटरची होती. ठाणे स्थानकात उभी असलेली बारा डब्यांची लोकल त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत एका उडीत ओलांडता आली नसती. फुटणाऱ्या तोफगोळ्यापेक्षा कमी ताकदीचे काहीही त्याच्या कातडीत शिरू शकत नाही, असे त्या अंकात म्हटले आहे, याचा सरळ अर्थ असा की तोफगोळा शिरू शकतो. उड्डाण त्याला पुढे १९४० च्या दशकात मिळाले. ज्याच्याशिवाय आज त्याची कल्पनाही करता येत नाही ते त्याला दुबळे करणारे क्रिप्टोनाइट १९४३ साली रेडिओवरच्या मालिकेतून आले आणि छापील अंकात पोहोचायला १९४९ साल उजाडले. नंतरच्या काही दशकांत त्याची ताकद इतकी फुगली की ग्रह ढकलणे हे त्याचे नित्याचे काम झाले, आणि मग १९८६ साली जॉन बर्न यांनी त्याची कथा नव्याने सांगताना ती ताकद मुद्दाम खाली आणली. बॅटमॅनचेही तेच. १९३९ साली आलेल्या त्या माणसाच्या हातात सुरुवातीच्या काही गोष्टींमध्ये पिस्तूल दिसते. बंदुकीला न शिवण्याचे त्याचे व्रत नंतरचे आहे. तेव्हा "सुपरमॅन विरुद्ध बॅटमॅन" असा वाद मुळात नसतोच. "या सालचा हा विरुद्ध त्या सालचा तो" असाच वाद असू शकतो, आणि साल ठरले की निम्मा गोंगाट आपोआप खाली बसतो.

साल सांगतानाही थोडी काळजी घ्यावी लागते. अमेरिकी अंकांच्या मुखपृष्ठावरचा महिना हा विक्रीचा महिना नसे. सुपरमॅनच्या पहिल्या अंकावर जून छापलेला आहे, पण तो एप्रिलमध्येच दुकानात आला होता. कोणती गोष्ट आधीची यावर वाद असेल, तर दोन्ही बाजूंनी मुखपृष्ठावरची तारीख घ्यावी किंवा दोन्ही बाजूंनी विक्रीची घ्यावी. शिवाय नुसता अंकाचा क्रमांक सांगून भागत नाही. अमेझिंग स्पायडर-मॅनचा "पहिला अंक" १९६३ सालीही आहे, १९९९ सालीही आहे आणि २०१४ सालीही आहे, कारण प्रकाशक मधूनमधून मोजणी पुन्हा एकपासून सुरू करतात. म्हणून आमच्याकडे दाखला द्यायचा तो मासिकाचे नाव, अंक आणि साल अशा तिन्हीसह. पान सांगता आले तर उत्तमच.

काकांच्या वेताळाच्या, म्हणजे फँटम या मुखवटाधारी नायकाच्या, बाबतीत तर साल सांगूनही पुरत नाही, भाषाही सांगावी लागते. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात निघत आणि त्यांची मराठी आवृत्तीही असे. ली फॉक यांच्या मूळ पट्टीतला वेताळाचा देश भारतीय अंकांमध्ये डेंकाली झाला, आणि सुरुवातीच्या अंकांत तर पानांत मावावे म्हणून मूळच्या काही चौकटी गाळलेल्या होत्या. वेताळाला अमुक गोष्ट माहीत होती की नव्हती, यावर काका आणि प्राध्यापिकाबाई एकदा तासभर भांडले आणि शेवटी निघाले असे की दोघांनी वाचलेला मजकूरच वेगळा होता.

आता पुराव्याबद्दल, आणि इथे मला स्वतःची फजिती सांगणे भाग आहे. स्पायडर-मॅनच्या पहिल्या गोष्टीत, म्हणजे ऑगस्ट १९६२ च्या अमेझिंग फँटसीच्या पंधराव्या अंकात, मोठ्या सामर्थ्याबरोबर मोठी जबाबदारीही येते हे वाक्य बेन काका पीटरला, म्हणजे स्पायडर-मॅनला, सांगतात, अशी मी मिसळीची पैज लावली. दोन शनिवारांनी प्राध्यापिकाबाईंनी पुनर्मुद्रणाची प्रत आणली आणि शेवटचे पान माझ्यासमोर धरले. वाक्य तिथे आहे, पण कोणाच्याही तोंडच्या फुग्यात नाही. ते शेवटच्या चौकटीत निवेदकाचे वाक्य आहे. बेन काका त्या गोष्टीत मोजकेच बोलतात आणि हे तर बोलतच नाहीत. नंतरच्या लेखकांनी आणि चित्रपटांनी ते त्यांच्या तोंडी घातले, आणि आपण सगळे ते मागे नेऊन १९६२ सालात बसवतो. सहा जणांची मिसळ माझ्या खिशातून झाली.

मराठी वाचकाला हा प्रकार खरे तर नवा नसावा. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो आणि द्रौपदी "आंधळ्याचा मुलगा आंधळा" असे म्हणते, हे आपण लहानपणापासून ऐकलेले असते, आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ते वाक्य नाही. शेकडो हस्तलिखिते समोर ठेवून कोणता श्लोक मूळचा, कोणता मागाहूनचा हे ठरवण्याची शिस्त आपल्या भाषेच्या अंगणातच वाढलेली आहे. कॉमिकच्या कट्ट्यावर तिचा थोडा अंश आणला तरी पुष्कळ होतो.

तो अंश असा. प्रत्यक्ष चौकटीत काढलेले चित्र, निवेदकाचा मजकूर, पात्राच्या तोंडचे वाक्य, आणि अंकाच्या मागे वाचकांच्या पत्रांना संपादकाने दिलेले उत्तर, हे चार वेगळ्या वजनाचे पुरावे आहेत आणि ते एकाच तागडीत टाकू नयेत. पात्र खोटे बोलू शकते, चुकू शकते किंवा फुशारकी मारू शकते. विशेषतः खलनायक स्वतःच्या ताकदीबद्दल जे सांगतो ते आम्ही सरळ निम्म्यावर आणतो. निवेदक सहसा खोटे बोलत नाही, मात्र त्याला अतिशयोक्तीचा सोस असतो. चित्र सर्वांत भरवशाचे, पण तेही काही वेळा मजकुराशी फारकत घेते.

या चारही पुराव्यांचा एकाच ठिकाणी कस लागतो तो जून १९७३ च्या अमेझिंग स्पायडर-मॅनच्या १२१ व्या अंकात. खलनायक ग्रीन गॉब्लिन स्पायडर-मॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून ढकलतो, स्पायडर-मॅन जाळे फेकून तिला अधांतरी पकडतो, वर ओढून घेतो, आणि ती मेलेली असते. कशाने मेली? गॉब्लिन म्हणतो की एवढ्या उंचीवरून पडतानाच माणूस मरतो, जमिनीला टेकण्याआधीच. चित्रात मात्र जाळे तिच्या पायांना लागते त्या क्षणी मानेजवळ बारीक अक्षरांत मोडल्याचा आवाज लिहिलेला आहे. काही अंकांनंतर पत्रांच्या पानावर संपादकांनी मानेला बसलेल्या हिसक्याचेच कारण दिले. आणि गंमत अशी की मजकुरात पुलाचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन पूल असे आहे, तर चित्रातला पूल ब्रुकलिनच्या पुलासारखा दिसतो, म्हणजे उंचीही नक्की सांगता येत नाही.

आम्ही त्याचे गणित तलावपाळीच्या कठड्यावर बसून शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर केले. पडण्याचे अंतर ९० मीटर धरले, म्हणजे घोडबंदर रस्त्यावरच्या साधारण तीस मजली इमारतीची गच्ची. हवेचा अडथळा सोडून दिला तर तळाशी येईपर्यंत वेग सेकंदाला ४२ मीटर, तासाला सुमारे १५० किलोमीटर होतो. एवढ्या वेगाने पडणे जीवघेणे नाही. विमानातून उडी घेणारे लोक छत्री उघडण्यापूर्वी याहून जोरात पडतात, तेव्हा गॉब्लिनचे म्हणणे तिथेच निकालात निघाले. पण जाळ्याने तिला अर्ध्या सेकंदात थांबवले असेल, तर तिच्या अंगावर गुरुत्वाकर्षणाच्या साडेआठ पटींहून अधिक हिसका येतो, आणि दशांश सेकंदात थांबवले असेल तर तो ४० पटींच्या पुढे जातो, तोही पाय धरलेले आणि मान मोकळी असताना. अकरावीतला मुलगा पुडीकडे बघत म्हणाला, "म्हणजे काका, त्यानेच मारलं तिला?" त्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. जाळे ताणले जाते की नाही, यावर पुढचे तीन शनिवार गेले.

गणित करावे ते असे : एकाच प्रसंगाचे, गृहीतके आधी मोठ्याने सांगून, आणि ज्याच्या विरुद्ध उत्तर येणार आहे त्याच्या हातात पेन्सिल देऊन. मात्र गणिताने पात्राची कायमची उंची मोजायला जाऊ नये. एखाद्या नायकाने कारकिर्दीत एकदाच डोंगर उचललेला असतो आणि शंभर वेळा त्याला साधी भिंत फोडताना घाम आलेला असतो. डोंगराचा अंक तेवढा पुढे करणारा वादपटू कट्ट्यावर लगेच ओळखू येतो. आमच्याकडे त्याला डोंगराच्या आसपासचे आणखी दोन दाखले मागितले जातात. एकाच लेखकाच्या एकाच मालिकेतले तीन दाखले मिळाले तर ती ताकद मान्य. नाही मिळाले तर तो त्या दिवसाचा चमत्कार.

येथे एक पळवाट बंद करून ठेवणे आवश्यक आहे. कोण जिंकेल, तर लेखक ज्याला जिंकवेल तो, हे उत्तर स्पायडर-मॅनचे सहनिर्माते स्टॅन ली स्वतः देत असत आणि ते खरेही आहे. पण अशा उत्तरांना आम्ही कचेरीतले उत्तर म्हणतो. दुसरे असते ते कथेतले उत्तर. प्रश्न कथेतला असेल तर कचेरीतले उत्तर देऊन उठू नये. मात्र कचेरीतले उत्तर ठाऊक असावे, कारण त्याने कथेतल्या उत्तराची मर्यादा कळते. हा भेद हेतूंच्या चर्चेत सर्वांत जास्त उपयोगी पडतो. जोकर इतकी वर्षे जिवंत का राहिला? १९४० साली बॅटमॅनच्या पहिल्याच अंकात तो मरणार होता. एवढा चांगला खलनायक वाया घालवू नये असे संपादकाला वाटले आणि तो जगल्याची एक चौकट शेवटी जोडण्यात आली. हे कचेरीतले. बॅटमॅन त्याला मारत का नाही, हा प्रश्न मात्र त्यामुळे संपत नाही, उलट तिथून सुरू होतो, कारण नंतरच्या लेखकांना त्या जगण्याचे कारण बॅटमॅनच्या मनात शोधावे लागले.

हेतूंवर बोलताना पात्राला त्या क्षणी काय माहीत होते एवढेच धरावे. आपण पुढचे पन्नास अंक वाचलेले असतात, त्याने नाही. आणि हेतू कोणत्या लेखकाने दिला तेही पाहावे. सप्टेंबर १९६३ मध्ये एक्स-मेनच्या पहिल्या अंकात आलेला मॅग्नेटो जग जिंकायला निघालेला साधा खलनायक आहे. नाझींच्या छळछावणीतून वाचलेला, आपल्या लोकांवर ती वेळ पुन्हा येऊ देणार नाही असे म्हणणारा मॅग्नेटो ख्रिस क्लेअरमाँट यांनी पुढे घडवला आणि १९८१ सालच्या १५० व्या अंकात तो भूतकाळ उघड झाला. १९६३ सालच्या कृत्यांना १९८१ सालचे दुःख चिकटवायचे की नाही, हा आमच्या कट्ट्यावरचा सर्वांत जुना आणि न मिटलेला वाद आहे. प्राध्यापिकाबाईंचे मत असे की चिकटवावे, कारण माणसाचे दुःख उशिरा कळले म्हणून ते उशिरा घडलेले नसते. मला ते पटते, पण मग पहिल्या अंकांतला त्याचा उथळपणा कुठे ठेवायचा, याचे उत्तर त्या देत नाहीत.

थॅनोसच्या बाबतीत घोटाळा आणखी सरळ आहे. जिम स्टार्लिन यांच्या १९९१ सालच्या मूळ मालिकेत तो अर्धे विश्व संपवतो ते मृत्यूच्या प्रेमापोटी, आणि हा मृत्यू म्हणजे तिथे एक स्त्री आहे जिचे मन त्याला जिंकायचे आहे. २०१८ सालच्या चित्रपटात तो हेच करतो ते खाणारी तोंडे फार आणि साधने कमी म्हणून. एक प्रियकर आहे, दुसरा स्वतःला व्यवस्थापक समजतो. "थॅनोसचे म्हणणे तसे बरोबर होते" असे जो म्हणतो त्याला आधी विचारावे की कोणत्या थॅनोसचे, कारण पहिल्याचे काही म्हणणेच नाही. कर्णावर बोलताना आपण हेच करतो : १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या 'मृत्युंजय'मधला कर्ण मनात ठेवून व्यासांच्या कर्णाची वकिली करतो आणि समोरच्याने सभापर्वातला श्लोक काढला की रागावतो. दोन्ही कर्ण आपापल्या जागी खरे आहेत, पण एकाची साक्ष दुसऱ्याच्या खटल्यात चालत नाही.

राहिली सुसंगती, म्हणजे कट्ट्याच्या भाषेत कंटिन्युइटी. नवख्याने येथे सर्व काही पाठ करायला जाऊ नये. दोन-तीन सांधे माहीत असले की पुरते. डीसीमध्ये, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅनच्या प्रकाशकाकडे, पहिला सांधा सप्टेंबर १९६१ चा. विजेच्या वेगाने धावणाऱ्या फ्लॅशच्या १२३ व्या अंकात नवा फ्लॅश जुन्या फ्लॅशला भेटला आणि जुन्या गोष्टी दुसऱ्या पृथ्वीवर घडल्या होत्या असे ठरले. पृथ्व्या वाढत गेल्या, आणि १९८५-८६ साली मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या बारा अंकांच्या मालिकेने त्या सगळ्या आवरून एकच पृथ्वी ठेवली. तिसरा सांधा सप्टेंबर २०११ चा, जेव्हा ५२ मालिका नव्याने पहिल्या अंकापासून सुरू झाल्या. डीसीच्या कुठल्याही वादात दोन दाखले या सांध्यांच्या एकाच बाजूला आहेत की नाहीत, हे आधी तपासावे.

जेसन टॉड हा त्याचा नमुना. दुसरा रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा धाकटा साथीदार, म्हणून तो प्रथम आला तेव्हा सर्कशीतल्या कसरतपटूंचा मुलगा होता, जवळजवळ पहिल्या रॉबिनची नक्कल. मधला सांधा ओलांडल्यावर, १९८७ साली, तोच मुलगा बॅटमॅनच्या गाडीची चाके चोरणारा रस्त्यावरचा पोर झाला. १९८८ साली त्याला मारावे की जगवावे यावर वाचकांची दूरध्वनीवरून मते घेतली गेली आणि ५,२७१ विरुद्ध ५,३४३ अशा ७२ मतांच्या फरकाने तो मेला. २००५ साली तो परत आला. जेसनचा स्वभाव मुळातच बंडखोर होता का, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. कसरतपटूंचा मुलगा तसा नव्हता, चाके चोरणारा होता.

मार्व्हलची, म्हणजे स्पायडर-मॅनच्या प्रकाशकाची, पद्धत निराळी. तिथे जग पुसून पुन्हा मांडण्यापेक्षा काळ सरकवण्यावर भर असतो. पुढे आयर्न मॅन झालेला टोनी स्टार्क १९६३ साली व्हिएतनाममध्ये जखमी झाला. २००८ सालच्या चित्रपटात ती जागा अफगाणिस्तानने घेतली. १९६२ साली शाळकरी असलेला पीटर पार्कर आज ऐंशीच्या घरातला असायला हवा होता. तेव्हा मार्व्हलच्या वादात सालांची वजाबाकी करून वय काढू नये. घटनांचा क्रम धरावा आणि तारखा सोडून द्याव्यात.

विसंगती सापडलीच तर काय करावे, याचाही एक जुना आणि उमदा रिवाज आहे. स्टॅन ली यांच्या काळात मार्व्हलच्या अंकातली चूक दाखवून ती चूक कशी नाही हे पटवून देणाऱ्या वाचकाला "नो-प्राइझ" मिळे, म्हणजे टपालाने एक रिकामे पाकीट. बक्षिसाचे नाव ठेवले होते त्याप्रमाणे आत काहीच नसे. लेखकही हेच करत आले आहेत. हल्क १९६२ सालच्या पहिल्या अंकात करड्या रंगाचा आहे, आणि तो रंग नीट छापला जाईना म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा. पुढे १९८० च्या दशकात करडा हल्क हा, ज्याचा हल्क होतो त्या ब्रूस बॅनरच्या मनाचाच एक वेगळा कोपरा आहे अशी गोष्ट रचली गेली. एकदा स्टॅन ली ब्रूस बॅनरला चुकून बॉब म्हणून गेले, तर त्याचे पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर ठरवून टाकले. आमच्या कट्ट्यावर त्यामुळे नुसती चूक काढणाऱ्याला अर्धाच गुण मिळतो. उरलेला अर्धा ती चूक कथेत जिरवून दाखवणाऱ्याचा.

शेवटची बाब वहीची. वाद संपला की निकाल, दाखल्यासह, तिथल्या तिथे वहीत उतरवावा, नाहीतर पावसाळ्यानंतर तोच वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वही हरणाऱ्या बाजूने लिहायची, म्हणजे अतिशयोक्ती होत नाही. सुपरमॅन आणि फ्लॅश यांच्यात वेगवान कोण, या पानावर सध्या काकांच्या अक्षरात अशी नोंद आहे : "१९६७, सुपरमॅन, अंक १९९ : बरोबरी, पण जुगाऱ्यांचा डाव हाणून पाडण्यासाठी ठरवून केलेली, सबब ग्राह्य नाही. १९७०, वर्ल्ड्स फायनेस्ट, अंक १९८ आणि १९९ : फ्लॅश निसटता पुढे." त्याखाली अकरावीतल्या मुलाने शिसपेन्सिलीने लिहिले आहे, "पण तेव्हा दोघेही सरपटत होते," आणि त्यापुढे काकांनी, "मान्य. पुढच्या शनिवारी."